गिरणीवाल्या काकूंना दिवस गेले

सुनेला चौथा महिना लागला होता, पण गिरणीवाल्या काकूंनी ते भिंतीलाही कळू दिलं नव्हतं. मागच्या खेपेला त्यांनी हौसेने गल्लीभर सांगितलं, आणि सुनेला मलेरिया होऊन मूल हातचं गेलं. ताप डासामुळे आला हे काकूंना मान्य होतं. पण डासाला घराचा पत्ता कुणी दिला? अर्थात, नजर लावणाऱ्यांनी.

गरोदर बायांना मलेरियापासून वाचवणाऱ्या गोळ्या देत आरोग्यसेविका घरोघर फिरायची. ती ज्या दारात थांबली तिथे पाळणा हलणार, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. म्हणून ती आली की काकू गिरणी जोरात चालू करून बहिऱ्या होत. पण मागच्या वेळी तापाने फणफणलेल्या सुनेला दवाखान्यात तिनेच नेलं होतं. सुनेकडे बघून सेविकेने या खेपेचंही ओळखलं होतं, आणि ते पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती. शेवटी तिने तोड काढली. कुणी विचारलंच, तर काकूंच्या गुडघ्यांसाठी आले होते असं सांगायचं.

काकू राजी झाल्या. सुनेने आतल्या खोलीत, सेविकेच्या डोळ्यांसमोर, तीन गोळ्या एकदम गिळल्या.

बाहेर पडताच समोरच्या शिंपीणबाईंनी सेविकेला गाठलं. ठरल्याप्रमाणे ती म्हणाली, काकूंकडे आले होते. गुडघ्यांपर्यंत ऐकायला शिंपीणबाई थांबल्याच नाहीत.

संध्याकाळपर्यंत दळणाला येणारी प्रत्येक बाई काकूंच्या पोटाकडे बघू लागली. कुणी त्यांना डबा उचलू देईना, कुणी स्टूल पुढे सरकवलं. न्हाव्याने काकांची दाढी फुकट केली आणि वर पाठ थोपटली. काका लाजले, तेच नडलं. गल्लीची उरलीसुरली शंका फिटली.

चौथ्या दिवशी काकूंनी भर दुपारी गिरणी बंद केली आणि त्या ओट्यावर उभ्या राहिल्या.

"दिवस सुनेला गेलेत," त्यांनी ठणकावून सांगितलं. "तिला मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या घेतोय. लागू दे कुणाची नजर लागायची ती. आणि तुमच्यापैकी कुणी घरात लपवून ठेवली असेल, तर तिलाही आणा."

पुढच्या महिन्यात सेविका आली, तर ओट्यावर पाच पोटुश्या बसलेल्या. सून सगळ्यांत पुढे, ठणठणीत. काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "ताई, तुम्ही नुसत्या गोळ्या द्या. गिळल्या की नाही, ते मी बघते." सेविकेला अगदी भरून आलं. वर्षभर चपला झिजवून जे जमलं नव्हतं, ते एका अफवेने करून दाखवलं होतं.

रांगेच्या शेवटी शिंपीणबाई होत्या, माहेरी आणून लपवलेल्या लेकीला घेऊन. तिला पाचवा होता. सगळ्या बायकांनी कान टवकारले.

काकूंनी त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या हातात पाणी दिलं. तिने गोळ्या गिळल्या. "बघू पोरी, तोंड उघड," काकू मायेने म्हणाल्या. मग त्या शिंपीणबाईंकडे वळल्या.

"तू मिट."