हुसेन मास्तरांचं मेहेरगड

हुसेन मास्तरांकडे लेंगा शिवायला टाकायला गेलो आणि मेहेरगडचा अर्थमंत्री होऊन घरी आलो. लेंगा मात्र पुढे दीड महिना मिळाला नाही.

हुसेन मास्तर म्हणजे शिरूरच्या पेठेतले शिंपी. माझ्या कमरेचं माप घेता घेता त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुम्ही गणित शिकवता न्हवं? आमच्या देशाला अर्थमंत्री न्हाई." कुठला देश, म्हणून विचारलं, तर टेप गळ्यात टाकून त्यांनी मशीनखालून एक जाडजूड वही काढली. ती मेहेरगडची राज्यघटना. एकशेबारा कलमं, सगळी मास्तरांच्या हातची. नकाशा खाकी कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला.

देश म्हणाल तर शिरूर ते दौंड एवढाच, पण थाट मोठा. गादीवर राजा, कारभार सगळा पार्लमेंटचा. समुद्र नव्हता, तरी आरमार होतं. का, तर म्हणे आरमाराचे कपडे शिवायला झकास असतात. देशातून गूळ बाहेर जायचा आणि बाहेरून सुई-दोरा यायचा. मी पहिल्याच अंदाजपत्रकात बटणांवर कर बसवला, तेव्हा मास्तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पंतप्रधान होते कवठे येमाईचे सोपानआप्पा. चांगले बागायतदार, पंचायतीत वजन असलेले, पण तिथं त्यांना सरपंचपद काही मिळालं नव्हतं. विरोधी पक्ष म्हणजे एसटीतला बाळू कंडक्टर. दिवसभर प्रवाशांची बोलणी खाऊन आलेला बाळू आमच्या सरकारवर असा तुटून पडायचा की रस्त्यानं जाणारे थांबून ऐकायचे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाचला, मास्तरांच्या दुकानात अधिवेशन भरायचं. आपल्याकडे नवे पैसे आले तेव्हा मेहेरगडात आणे ठेवावेत की नवे पैसे आणावेत, यावर आम्ही तीन आठवडे भांडलो. काय ते दिवस होते! वर्गात त्रैराशिक शिकवताना माझ्या डोक्यात गुळावरची जकात असायची.

मास्तर स्वतः नुसते चिटणीस. त्यांना मत नव्हतं, राजालाही नव्हतं. तसं कलमच त्यांनी लिहून ठेवलं होतं. राजाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की ते कात्री खाली ठेवून म्हणायचे, "राजा काय करत न्हाई, म्हणून राजाचं काय चुकत न्हाई." दिवसातून चारदा तरी हे वाक्य ऐकावं लागे. कायदा मंजूर झाला की मास्तर कागद घेऊन दुकानामागच्या पडद्याआड जायचे आणि राजेसाहेबांचा शाईचा ठसठशीत अंगठा घेऊन यायचे. आम्ही गालातल्या गालात हसायचो. अंगठा मास्तरांचाच, दुसऱ्या कुणाचा असणार? आत त्यांचा आजारी थोरला भाऊ असतो, एवढं कानावर होतं. पण कसा आहे, काय आहे, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला देशाच्या कामातून सवड कुठली!

आणि एके दिवशी बाळूनं बाँब टाकला. राजेपद रद्द करण्याचं विधेयक! आपल्याकडचे राजेरजवाडे गेले, मग मेहेरगडनंच का पोसावेत, असा त्याचा सवाल. मास्तरांचं मशीन थांबलं. आप्पांनी कडाडून विरोध केला, कारण राजा गेला तर आपलं पंतप्रधानपदही जाईल अशी त्यांना धास्ती. एक मत इकडे, एक तिकडे. राहिलो मी.

"गुरुजी," मास्तर म्हणाले, "त्यो काय मागत न्हाई कुणाकडं. राहू द्या की त्याला."

त्यांचा आवाज कापत होता, ते मला ऐकू आलं होतं. पण मी तेव्हा कुणाचं ऐकण्यातला नव्हतो. शाळामास्तराच्या नशिबी राज्यक्रांती कधी येते? मी हात वर केला. बाळूनं कापड मोजायचा गज टेबलावर आपटला. विधेयक मंजूर.

मास्तरांनी कागद उचलला. राजाला सही नाकारता येत नाही, हे त्यांचंच कलम. पडद्यापाशी जाऊन ते थांबले आणि म्हणाले, "आज तुम्ही तिघं बी या. असला कागद माझ्यानं एकट्यानं न्हेववत न्हाई."

आत उंच पाठीच्या खुर्चीवर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. दाढी गुळगुळीत, केसांना तेल, अंगात उरलेल्या तुकड्यांचा जरीकाठ लावलेला पांढरा कोट. मान एका बाजूला कललेली. मास्तरांनी रुमालानं त्याची लाळ पुसली.

"माझा भाईजान. लहानपणी तापात वाचा गेली, समज बी तिथंच राहिली. राहू गावाला होतो तवा पोरं दगडं मारायची आन् मोठी माणसं हसायची. मंग मी इचार केला, असा कुठला मुलूख आसंल का, जिथं माणसाला काय बी करता येत न्हाई तरी समदी त्याला मान देत्यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाईजानला मात्र आमच्याकडे किती बघू आणि किती नको असं झालं होतं. इतकी वर्षं तो आमची भांडणं पडद्यामागून ऐकत होता आणि माणसं आज दिसत होती. मास्तरांनी शाईची डबी उघडायच्या आधीच त्यानं अंगठा पुढे केला. कागदावर ठसा उमटला. राजेपद गेलं आणि तो हसत होता.

मी म्हणालो, मास्तर, फाडून टाका तो कागद. ते म्हणाले, "न्हाई गुरुजी. राजानं अंगठा दिला, कायदा झाला."

मग बाळूनं घसा खाकरला. राजा गेला तर देशाला राष्ट्रपती लागतो, तो म्हणाला, आणि मी नाव सुचवतो. त्यानं भाईजानकडे हात केला आणि तो अडला. "मास्तर, ह्यांचं नाव काय वं?"

"दस्तगीर," मास्तर म्हणाले. "दस्तगीर इमाम शेख. कुणी कवा इचारलंच न्हाई."

आप्पांनी अनुमोदन दिलं. आम्ही तिघांनी हात वर केले. आमचं बघून दस्तगीरभाईंनीही आपला शाईचा हात उचलला, खांद्याच्या वरपर्यंत.

राजाला मत नसतं, असं मास्तरांचं कलम होतं. पण दस्तगीरभाई आता राजे नव्हते. मास्तरांनी डोळे पुसले, वही उघडली आणि चार मतं लिहिली.