बैठकीच्या भिंतीसाठी रानबदकांवर स्वारी

वाचणारांस विज्ञापना ऐसीजे, पुढील मजकूर आम्ही डोळां देखिला, पदरचे काही घातले नाही, आणि घातले असल्यास शोभेपुरतेच.

आमचे तीर्थरूप, दुकानांच्या पाट्यांचे रंगारी, ठळक अक्षरांचे सुभेदार, वीस वर्षे परमुलखीच्या भिंती रंगवीत आले, आणि स्वगृहीच्या बैठकीत मात्र औषधवाल्याचे कॅलेंडर अंमल गाजवीत होते. मग त्यांचे चित्ती आले की कॅलेंडरास पदच्युत करून तेथे स्वहस्तीची रानबदके बसवावी. त्यावर मातुश्रीसरकारांचे फर्मान सुटले: "पाहुण्यांनी 'हे काय?' विचारलं, की चित्र माळ्यावर."

मग रविवारी फौज तळ्यावर रवाना जाहली. तीर्थरूप, स्कूटर, घडीची खुर्ची, आणि रंगपेटीच्या किल्लेदार आम्ही. लव्हाळ्यांत मोर्चे बांधिले, परंतु गनीम मोठा हिकमती. कुंचला उचलावा आणि त्याने मुंडके पाण्यात खुपसून शेपूट आभाळी करावे! ऐसे अकरा गनीम, अकरा शेपट्या, आणि दोन प्रहर लोटले.

"बाबा, एखादं डोकं मनानं काढा ना!"

"पाटीवर मनानं लिहितो का मी? दिसतंय तेच काढणार."

खाली सावलीच्या अक्षरांत 'बदके' लिहावे ऐसा मोह जाहला, तोही त्यांनी मर्दुमकीने आवरिला.

संध्याकाळी चित्र दरबारी रुजू जाहले.

"अहो, हे शंकू कसले?"

"बदकं आहेत."

"आणि डोकी?"

"पाण्यात."

"बरी सोय केलीत!"

मातुश्रींनी माळ्याची शिडी मागविली आणि तीर्थरूप कुंचले धूत बसले, धुतलेलेच पुन्हा धूत बसले, ते आम्हांस पाहवेना. मग दुसरे दिवशी आम्ही 'भाजी आणू' ऐसी थाप मारून मातुश्रींस तळ्यावर नेले. त्या बसल्या, पायांस मुंग्या आल्या, अकरा शेपट्या नजरेखालून घातल्या, आणि घरी येऊन कॅलेंडर उतरवून चित्र टांगिले. परंतु फर्मान कायम होते.

गुरुवारी शेजारच्या काकू आल्या आणि पदर सावरण्याआधी वदल्या, "अगं बाई, हे काय?"

तीर्थरूप स्वतःच चित्र उतरविण्यास उठले.

"बसा हो तुम्ही," मातुश्री म्हणाल्या, आणि काकूंकडे वळल्या. "बदकं आहेत. डोकी पाण्यात आहेत. चहा टाकते, तोवर बघत बसा, येतील वर."

काकू चहा होईतो बघत बसल्या.

येणेप्रमाणे भिंत फत्ते जाहली, कॅलेंडर माळ्यावर रवाना केले, आणि तीर्थरूपांनी त्या दिवशी चहा दोनदा घेतला, हे दस्तुरखुद्द कन्येने दाखल केले असे.