वॉल्टरचा सर्वांत जुना मित्र

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. श्रूझबरीच्या क्लेमंट प्रॉसरच्या दारातल्या फटीतून नाताळची कार्डं आत पडली आणि त्यांतल्या एकाने त्या घराची शांतता घालवली. कार्डात तसं आक्षेपार्ह काही नव्हतं. बर्फात रोवलेल्या फावड्याच्या दांड्यावर रॉबिन पक्षी बसला होता. डिसेंबरात इंग्लंडातल्या समस्त रॉबिनांना तिथेच बसण्याचा हुकूम असावा. आत निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘नाताळच्या शुभेच्छा. भेटायचं कधीपासून राहतंय! – वॉल्टर आणि ग्वेन.’

“वॉल्टर कोण?” क्लेमंटने विचारलं.

“तुझा कोणी असेल,” बायको मुरियल म्हणाली.

“माझा नाही. ग्वेन तुझी असेल.”

“माझी ग्वेन वारली. तिच्या अंत्यविधीला जाऊन तू झोपला होतास.”

पाकिटामागे पत्ता होता: गिटिन्स, लेमिन्स्टर. तासाभराच्या वाटेवरचं गाव. दोघांनी डोकं खाजवलं. लष्करातला वॉल्टर? तो तर ऑस्ट्रेलियाला गेला. टॉर्कीच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसणारं जोडपं? त्यांचं आडनाव कुणी विचारलंच नव्हतं, आठ दिवस नुसती मिठाची बरणी इकडून तिकडे दिली होती.

क्लेमंट विमा कंपनीत हेडक्लार्क होता, म्हणजे नियमांचा माणूस. आलेल्या कार्डाला कार्ड गेलंच पाहिजे, हा नियम त्याला पाठ होता. हा कायदा पार्लमेंटने केलेला नाही, म्हणूनच तो सगळे पाळतात.

“पण आपण त्यांना ओळखत नाही,” मुरियल म्हणाली.

“म्हणून तर पाठवायला हवं. ओळखीच्यांना एखाद्या वर्षी नाही पाठवलं तरी ते समजून घेतील.”

शिवाय त्या कार्डात ‘कधीपासून’ हा शब्द होता. म्हणजे प्रॉसर कुटुंबाकडून काहीतरी हयगय झाली होती. कधी आणि कुणाबाबत, हे ठाऊक नसलं तरी अपराधी वाटायला इंग्रज माणसाला एवढं पुरतं. क्लेमंटने घोडागाडीचं चित्र असलेलं बऱ्यापैकी कार्ड निवडलं आणि लिहिलं: ‘अगदी खरं! यंदा भेटूच.’ ‘भेटूच’ म्हणजे भेटायचं नाही, हे त्या देशात शाळकरी पोरालाही कळतं.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा कार्ड आलं. खाली तळटीप होती: ‘ग्वेनचा गुडघा आता बरा आहे.’

“आता पंचाईत,” मुरियल म्हणाली. “गुडघ्याचं विचारावं लागणार.”

“‘तुम्ही कोण?’ असं सरळ विचारू या का?”

“आता? दुसऱ्या वर्षी? पहिल्या वर्षी विचारलं असतं तर विसरभोळे ठरलो असतो. आता विचारलं तर उद्धट ठरू.”

गुडघ्याची चौकशी गेली. तिसऱ्या वर्षी पार्सलाने घरी केलेलं नाताळचं पुडिंग आलं. हा काळा, जड गोळा इंग्लंडात फारसा कुणाला आवडत नाही. त्यावर ब्रँडी ओतून तो पेटवतात. पेटवूनही जळत नाही, म्हणून मग नाइलाजाने वाढतात. प्रॉसरांनी ते पुडिंग मुरियलच्या बहिणीला दिलं आणि गिटिन्सना बिस्किटांचा डबा धाडला. चौथ्या वर्षी मात्र कार्डात स्पष्ट निमंत्रण होतं: ‘बॉक्सिंग डेला दुपारी जेवायला या. नाही म्हणायचं नाही.’

नाही म्हणायचं नाही असं लिहिलेलं असताना नाही कसं म्हणायचं, याची तरतूद क्लेमंटच्या माहितीतल्या कुठल्याही नियमात नव्हती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती उगाच नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दोघं गाडीत बसली.

“चेहरा पाहिला की आठवेल,” क्लेमंट वाटेत म्हणाला.

दार उघडलं. समोर लालबुंद गालांचा एक गोल माणूस उभा होता. क्लेमंटने त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

“क्लेमंट!” वॉल्टर गिटिन्स म्हणाला. “अरे, अजिबात बदलला नाहीस!”

“तूही नाहीस,” क्लेमंट म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. मागचा वॉल्टर कसा होता हे ठाऊकच नसल्यावर हा बदललाय असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

जेवायला आदल्या दिवशीचं गार टर्की होतं, लोणचं होतं आणि अंत येईतो उकडलेले कोबीचे गड्डे होते, सुपारीएवढाले. दोघादोघांनी टोकं धरून क्रॅकर नावाच्या कागदी नळ्या ओढल्या, फट् झालं, मोठा तुकडा ज्याच्या हाती राहिला तो जिंकला, आतून कागदी मुकुट निघाले आणि चार प्रौढ माणसं गंभीरपणे डोक्याला मुकुट घालून बसली. क्रॅकरच्या चिठ्ठीतला विनोद हसण्यासाठी नसतोच. सगळ्यांनी मिळून कण्हावं म्हणून तो छापलेला असतो. चौघं मनापासून कण्हली.

आता बोलणं निघणार, कुठलं तरी जुनं नाव येणार, आपण उघडे पडणार, या धास्तीने क्लेमंट ताटावरून मान वर काढेना. पण तसं काही घडलं नाही. वॉल्टरने विचारलं, कुठल्या रस्त्याने आलात. मग तो रस्ता चांगला की दुसरा, यावर तास गेला. मग हवेचा विषय निघाला. मधूनच वॉल्टर उसासा टाकून म्हणे, “काय दिवस होते रे ते!” आणि क्लेमंट म्हणे, “पुन्हा नाही येणार.” चार तास हे सुरळीत चाललं. परतताना क्लेमंटच्या ध्यानात आलं की ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी तो एकवीस वर्षं हेच बोलत होता, आणि तिथे तर उसासाही नव्हता.

खरा घोटाळा स्वयंपाकघरात झाला होता. मुरियल बशा पुसत असताना ग्वेनने विचारलं होतं, “आणि तुमचा मुलगा कसा आहे?”

प्रॉसरांना मूलबाळ नव्हतं. पण नाही म्हणावं, तर ज्यांच्या घरचं जेवलो त्यांना खोटं पाडल्यासारखं झालं असतं.

“मजेत आहे,” मुरियल म्हणाली.

“नाव बाई माझ्या जिभेवर आहे बघा…”

“रोलंड,” मुरियल म्हणाली.

“मुलगा?” क्लेमंट गाडीत ओरडला. “आपल्याला मुलगा आहे?”

“आता आहे. समोर बघून चालव.”

पुढच्या नाताळला रोलंडसाठी ग्वेनने विणलेला हिरवा स्वेटर आला. तो वाया जाऊ नये म्हणून क्लेमंटला घालावा लागला. रोलंड परीक्षा पास झाला, नापास करायला मुरियल तयार नव्हती. पण पोरगा एकदा तरी दाखवायला आणा असा ग्वेनचा लकडा सुरू झाला, तेव्हा त्याला कॅनडाला पाठवणं भाग पडलं. त्या संध्याकाळी मुरियल जेवली नाही.

“अगं, तो नाहीच आहे,” क्लेमंट म्हणाला.

“ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पण इतक्या लांब कशाला पाठवायचा? स्कॉटलंड नव्हतं का?”

अशा बॉक्सिंग डेच्या बऱ्याच भेटी झाल्या. दिवाणखान्यातल्या दोरीवर कार्डं टांगायची, तिथे वॉल्टरचं कार्ड मधोमध आलं आणि मुरियलच्या सख्ख्या बहिणीचं कोपऱ्यात गेलं. बहिणीशी भांडण नव्हतं, मुरियल तिला ओळखत होती इतकंच. आणि मग एका नोव्हेंबरात ग्वेनचा फोन आला. वॉल्टर गेला होता. झोपेतच गेला.

“त्याची इच्छा होती,” ग्वेन म्हणाली, “की चर्चमध्ये त्याच्याविषयी तूच बोलावंस. तू त्याचा सर्वांत जुना मित्र.”

क्लेमंटने फोन ठेवला आणि खुर्चीत बसला.

“आता सांगायलाच हवं,” तो म्हणाला. “मेलेल्या माणसाच्या शवपेटीसमोर उभं राहून मी खोटं बोलणार नाही.”

“जिवंत असताना बोललास की.”

“तेव्हा समोर जेवण होतं.”

तो खरोखरच दुसऱ्या दिवशी लेमिन्स्टरला गेला. ग्वेन काळे कपडे घालून एकटीच बसली होती. त्याला पाहताच तिने किटली ठेवली. दुःखाची असो वा आनंदाची, कुठलीही बातमी त्या देशात पाणी उकळेपर्यंत थांबवून ठेवतात.

“ग्वेन, मला तुला एक सांगायचंय. वॉल्टर आणि मी…”

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुला किती जड जाणार आहे ते. तू तर त्याला माझ्याही आधीपासून ओळखतोस. त्याला फारसं कुणी नव्हतं रे. तू होतास. दूध किती घालू?”

“थोडंसं,” क्लेमंट म्हणाला. कबुलीजबाब तिथेच संपला.

अंत्यविधीच्या दिवशी चर्च भरलं होतं. वॉल्टरचा भाऊ सिडनी पहिल्या बाकावर होता. आईचं कपाट कुणाचं, यावरून वीस वर्षं तो वॉल्टरशी बोलत नव्हता. मागे शेजारीपाजारी, पोस्टातले जुने सोबती. क्लेमंट उभा राहिला. खिशातल्या कागदावर ‘काय दिवस होते ते’ एवढंच लिहिलेलं होतं. त्याने कागद तसाच ठेवला.

“वॉल्टरबरोबर क्रॅकर ओढला,” तो म्हणाला, “तर मोठा तुकडा नेहमी दुसऱ्याच्याच हातात राहायचा. मला वाटायचं त्याच्या हातात जोर नाही. मग एकदा मी नीट पाहिलं. ऐनवेळी तो पकड सैल करायचा.”

सिडनीने मान वर केली.

“दुसऱ्यांच्या ताटात राहिलेली कोबी तो खायचा, म्हणायचा आवडते. ती कुणाला आवडते? बायकोला ती उरलेली पाहून वाईट वाटू नये म्हणून खायचा. आणि आम्ही निघालो की कागदी मुकुट डोक्यावर तसाच ठेवून तो रस्त्यापर्यंत यायचा, आणि गाडी वळेपर्यंत पावसात हात हलवत राहायचा. मुकुटाचा लाल रंग त्याच्या कपाळावर उतरलेला असायचा. याहून जास्त मला काही ठाऊक नाही.”

हे शेवटचं वाक्य त्याने सत्य म्हणून सांगितलं. लोकांनी ते विनय म्हणून घेतलं. पहिल्या हुंदक्याचा आवाज सिडनीचा होता. क्लेमंट जागेवर येऊन बसला तेव्हा आपलेही डोळे भरलेत हे पाहून तो चपापला. कुणी अनोळखी मेल्यावर तो पूर्वी कधी रडला नव्हता. ओळखीच्यांच्या वेळीही नाही.

नंतर हॉलमध्ये हॅमची सँडविचेस आणि शेरी होती. सिडनीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“अठरा वर्षं एका खोलीत झोपलो आम्ही,” तो म्हणाला. “पण तुम्ही ज्याच्याविषयी बोललात, तो भेटला असता तर बरं झालं असतं.”

मग वॉल्टरच्या शेजारचे मिस्टर बेब यांनी क्लेमंटला खुंटीवरच्या कोटांआड नेलं. निवृत्त बँक मॅनेजर, शिस्तीचा माणूस.

“मिस्टर प्रॉसर, एक विचारतो. तुम्ही मला ओळखता?”

“माफ करा, नाही.”

“उत्तम. मग माझ्या वेळीही तुम्हीच बोला.”

“पण तुमची माणसं असतील ना? मुलं?”

“तीन आहेत,” मिस्टर बेब म्हणाले. “तिघंही मला लहानपणापासून ओळखतात. त्यांच्यावर मी अवलंबून राहू शकत नाही.”

त्यांच्यामागे दोन बायका शेरीचे पेले धरून रांगेत उभ्या होत्या. रांग दिसली की कशासाठी आहे हे न विचारता मागे उभं राहणारे लोक ते. पाहता पाहता ती दारापर्यंत गेली.

त्या डिसेंबरात प्रॉसरांच्या दारातली फट तुंबली. लेमिन्स्टर, लडलो, हिअरफर्ड, कुठकुठून कार्डं आली. घोडागाड्या, मेणबत्त्या, बर्फातली चर्चं. आत शुभेच्छांखाली स्वच्छ अक्षरात मजकूर: ‘मी मुक्या प्राण्यांना जीव लावतो.’ ‘मी सासूची शेवटपर्यंत सेवा केली, विचारा कुणालाही (सासऱ्यांना सोडून).’ मिस्टर बेब यांनी तर फोटो जोडला होता, त्यात ते एका म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडायला मदत करत होते. बाई नाखूश दिसत होती.

प्रत्येक कार्डाला कार्ड गेलं. नियम तो नियम. पाकिटं चिकटवून चिकटवून क्लेमंटची जीभ कोरडी पडली. शेवटी तो थांबला आणि त्याने विचारलं, “मुरियल, माझ्या वेळी कोण बोलेल गं?”

“मी आहे की,” मुरियल म्हणाली. “पस्तीस वर्षांचा संसार आहे. माझ्याएवढं तुला कोण ओळखतं?”

क्लेमंटने हातातलं पाकीट खाली ठेवलं.

“तेच तर,” तो म्हणाला. “दुसरं कुणीतरी बघू या.”

मुरियलला राग आला नाही. ती तिच्यासाठीही कुणीतरी शोधतच होती.

तुम्हाला हसू आलं असेल, तर खुशाल हसा. फक्त हसून झालं की तुमच्यावर चार शब्द कुणी बोलावेत ते एकदा मनात ठरवून ठेवा. पहिलं नाव सुचलं आणि लगेच तुम्ही ते खोडलंत ना? तो माणूस तुम्हाला ओळखतो.