बाबी गावडेचं सेम टू सेम

धुळीचं वादळ आलं की कुवेतमध्ये माणसं नाकाला रुमाल लावतात, खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबतात. बाबी गावडे डोक्यावर पातेलं घालायचा.

अ‍ॅल्युमिनियमचं, चार माणसांच्या भाताचं, तळाला काळं झालेलं पातेलं. नाकातोंडात वाळू गेली तरी चालेल, पण कोंबडा मोडता कामा नये! कोंबडा म्हणजे कपाळावर उभा केलेला केसांचा तुरा. खोबरेल तेल आणि गॅरेजमधलं व्हॅसलीन कालवून बाबी तो रोज सकाळी उभारायचा. पन्नास अंशांच्या उन्हात दुपारपर्यंत तो वितळून डाव्या डोळ्यावर यायचा, मग बाबी मोज्यातून कंगवा काढून पुन्हा बांधकामाला लागायचा. हो, मोज्यातून. खिशात पाने आणि स्क्रूड्रायव्हर असायचे ना.

हा बाबी मालवणकडचा. शुवैखच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग करायचा. माझी त्याची गाठ पडली ती आमच्या ह्यांच्या हौसेमुळे. आखाती युद्धानंतर पाचसहा वर्षांनी ह्यांनी एक जुनी अमेरिकन गाडी घेतली. पडवीएवढी लांब, आणि हॉर्न दाबला की वायपर सुरू व्हायचे. ती घेऊन आम्ही गॅरेजात गेलो, तर बॉनेटखालून कोणी तरी उचक्या देत होतं. मला वाटलं, माणसाला शॉक बसतोय. मी किंचाळले, "अहो, मेन स्विच बंद करा!"

बॉनेटखालून कोंबडा वर आला. "घाबरा नको वयनी. गातंय."

गाणं इंग्रजी होतं म्हणे. पण एकही शब्द कळत नव्हता, बाबीलाही नाही. मध्येच गळा अडकायचा, मध्येच सूर रबरासारखा लांबायचा, खाली घसरायचा आणि धाप लागल्यासारखा वर यायचा. सोबतीला होता 'थोरलो'. बंदरावर आलेल्या कुठल्याशा पंपाचं रिकामं लाकडी खोकं, त्यात रोवलेला झाडूचा दांडा आणि दांड्यापासून खोक्यापर्यंत ताणलेली क्लचची केबल. ती ओढून सोडली आणि तळव्याने दांड्यावर थाप मारली की असा 'ठाप-धुम, ठाप-धुम' आवाज निघायचा की पलीकडच्या गॅरेजातले पठाणही मान डोलवायचे. आमचे हे तर गाडी विसरून ताल धरून उभे! मी मात्र भुवई वर करून उभी. ती भुवई तेव्हा कायम वरच असायची.

कारण मी तिथल्या मराठी मंडळाची सांस्कृतिक सचिव होते. हे मी आज हसत सांगते. तेव्हा न हसता सांगायचे, कोणी विचारलं नसलं तरी.

त्याच्या संगीतशिक्षणाची कथा अशी. एका कुवेती गिऱ्हाईकाची जुनी गाडी दुरुस्तीला आली. तिच्या टेपमध्ये एक कॅसेट अडकलेली होती. लेबल उडालेलं. बाबीने ती चिमट्याने काढली, तर मालक म्हणाला, फेकून दे. बाबीने ती खोलीवर नेली. अमेरिकेतल्या कुठल्या खेड्यांतलं, गिटार आणि थापांवर उड्या मारणारं संगीत. नातू आता मला सांगतो, "आजी, दॅट्स रॉकबिली!" मला तेव्हा हा शब्द ठाऊक नव्हता आणि बाबीला तर त्याची गरजच नव्हती. तो म्हणायचा 'गाडीतलां गाणां'.

आता ती कॅसेट कित्येक उन्हाळे बंद गाडीत भाजून निघालेली. फीत वितळून, ताणून, सुरकुतलेली. त्यामुळे गाणं निम्म्या वेगाने लोळत लोळत चालायचं. बाबीने ते तसंच्या तसं उचललं. लोळणं, लांबणं, फीत अडकल्यावरची 'ख्रँव' सकट. "सेम टू सेम, वयनी," तो छाती फुगवून सांगायचा. "गाडीक पार्ट असली होयो आणि गाण्याक नक्कल असली होयी. मी आपल्या पदरचां काय घालणंय नाय."

गॅरेजात त्याचा हा बाणा प्रसिद्ध होता. बाजारात असली पार्ट आणि तिजारी पार्ट असे दोन प्रकार मिळायचे. तिजारी म्हणजे दिसायला तोच, पण कुठे तरी भलतीकडे केलेला. बाबी तिजारी पार्ट नुसता हातात घेऊन वास घ्यायचा आणि परत द्यायचा. आमच्या गाडीच्या हॉर्नचा रिले असली मिळेपर्यंत त्याने आम्हाला पाच आठवडे वायपरवर हिंडवलं.

त्या वर्षी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला मी एक क्रांतिकारक नियम केला होता. आधल्या वर्षी नऊ जणांनी तेच भावगीत म्हटलं होतं. म्हणून यंदा सगळं स्वरचित! नक्कल चालणार नाही! स्वतःची चाल, स्वतःचे शब्द. मी स्वतः एक गीत रचून पेटीवर बसवलं होतं. ते ऐकून आमचे हे म्हणाले, "छान आहे. ही तुमच्या आत्याबाई भोंडल्याला म्हणायच्या तीच चाल ना?" मी दोन दिवस बोलले नाही. तीच होती.

निवड आमच्या जाब्रियाच्या फ्लॅटमध्ये होती. बाबी थोरल्याला घेऊन आला. दांडा लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चार मजले चढून आला. इमारतीचा राखणदार त्याच्या मागे मागे, हे कसलं यंत्र म्हणून. दिवाणखान्यात खोकं ठेवून बाबीने घाम पुसला, कोंबडा चाचपला आणि म्हणाला, "वयनी, एकच गाणां. व्हिडिओ काढतत ना कार्यक्रमाचो?"

"काढतात. का?"

"माझ्या खोलीतलो एक जण पुढल्या म्हयन्यात गावाक जाता. कॅसेट घेवन जायत. घरची बघीत तरी माका."

चार वर्षं तो गावी गेला नव्हता. गॅरेजचा मालक पासपोर्ट कपाटात ठेवून बसला होता, रजेचं नाव काढलं की 'इन्शाल्ला' म्हणायचा. हे मला ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही मी वही उघडून विचारलं, "गीत कोणाचं? संगीत कोणाचं?" बाई, बाई! आज त्या बाईच्या हातातली वही हिसकावून घ्यावीशी वाटते.

"कोणाचां काय म्हायत," बाबी म्हणाला. "माझां नाय, इतक्यां नक्की."

तो गायला लागला. ठाप-धुम, ठाप-धुम. सोफा हलला, शोकेसमधले कप वाजले. आणि गाणं असं रंगात आलेलं असताना बाबी थांबला. एकदम. थाप हवेत, डोळे मिटलेले. मी वाट पाहिली. राखणदाराने वाट पाहिली. मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा सेकंद! मग 'ख्रँव' करून गाणं जिथून सुटलं होतं त्याच्या बरंच पुढून सुरू.

"विसरलात का मध्ये?" मी विचारलं.

"नाय. तां तसांच आसा."

"गावडे," मी म्हटलं, आणि आवाज असा लावला जसा मुख्याध्यापिका लावतात, "एक तर दुसऱ्याचं गाणं, त्यात समजत नाही, त्यात अर्धवट. मंडळाला स्वतःची निर्मिती हवी आहे."

तो थोरल्याला उचलून चार मजले उतरला.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! मला त्याला दाखवूनच द्यायचं होतं. निवडीचं सगळं मी टेप केलं होतं. त्याचं गाणं मी अमेरिकेत टेनेसीतल्या माझ्या भावाला पोस्टाने पाठवलं. याचं मूळ शोध म्हटलं. बिचारा ते घेऊन जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात गेला. दुकानदार म्हातारा डोळे पुसेपर्यंत हसला आणि मग आतून नेमकं गाणं काढून आणलं. तीन आठवड्यांनी सीडी माझ्या हातात! सोबत भावाचं दोन पानी पत्र. पहिल्या पानावर गायकाचं नाव. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, "ताई, दुकानदार म्हणतो, हेही मूळ नव्हे. या गोऱ्या पोराने ते एका काळ्या गायकाकडून उचललं आणि पळवलं, म्हणजे वेगात म्हटलं. आणि त्या गायकाने ते आपल्या आजीकडून ऐकलं होतं. या गाण्यात सगळे एकमेकांचंच गातात."

दुसरं पान मी डाळीच्या डब्याखाली ठेवलं. माझ्या बाजूचं नव्हतं ना ते.

सीडी घेऊन मी विजयी मुद्रेने शुवैखला गेले. आमच्या गाडीत ह्यांनी नवा प्लेअर बसवून घेतला होता. बाबीला पुढच्या सीटवर बसवलं आणि बटण दाबलं. टणाटण, चपळ, हरणासारखं गाणं सुरू झालं. कुठेही लोळण नाही, ख्रँव नाही.

बाबीने डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "गळो बरो आसा. पण इतकी घाई कित्याक? खय आग लागली हा?"

"हे असली आहे, गावडे! तुमचं ते तिजारी!"

"असात," तो म्हणाला. "तरी ह्येका नीट येना नाय." आणि खरं सांगते, मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. पण सांस्कृतिक सचिवाला असं वाटून चालत नाही.

"आणि तुम्ही जिथे थांबता," मी म्हटलं, "तिथे याचं अख्खं कडवं आहे. ऐकलंत? तुमच्या नकलेत तेवढं भोक आहे."

"भोक नाय," बाबी म्हणाला. "थय जागा भरलली आसा."

तो उठला. आतल्या फळीवरून कॅसेट आणली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. गॅरेजातल्या टेपमध्ये घातली. लोळतं गाणं चालू झालं, ठरलेल्या जागी आलं आणि ठक्क असं वाजून तुटलं.

एक कोंबडी. लांबून कोणाची तरी विहिरीवर कळशी आपटल्याचा आवाज. मग अगदी टेपजवळ एक बाई खाकरली. "झाला काय चालू?" ती कोणाला तरी विचारत होती. मग काहीच नाही, फक्त तिचा श्वास. आणि शेवटी हळूच, "काय बोलू मी?"

ठक्क. ख्रँव. गाणं.

बाबी फितीकडे बघत सांगत होता. कुवेतला आल्यावर दुसऱ्या वर्षी त्याने ही कॅसेट गावी जाणाऱ्याबरोबर बायकोला पाठवली होती. एका बाजूला गाणं, दुसरी कोरी. कोऱ्या बाजूवर काही तरी बोलून पाठव, म्हणून निरोप. तेव्हा आखातातली सगळीच मंडळी अशी पत्रं धाडायची. तिने घातली गाण्याच्या बाजूने आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. "बूथवर फोनाक येता, तर पाठीमागे लोकांची रांग. म्हाताऱ्याच्या हातात फोन देता आणि आपण बाजूक उबी ऱ्हवता. बोलणा नाय. लाजता." तो टेप बंद करत म्हणाला, "ह्या इतक्यांच बोलली हा चार वर्सांत. आता तेच्यावर मी गावू कसो?"

मला हॉर्न तपासायचा होता, तो मी तपासला. तीन वेळा.

समितीच्या बैठकीत मी त्याचं नाव यादीत घातलं. अध्यक्ष रिफायनरीतले इंजिनियर. नियम माझाच, म्हणून त्यांनी मलाच अडवलं. "वहिनी, यात स्वरचित काय आहे?"

"अकरा सेकंद," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे ते असतील तर पेटीवर मी बसेन. नसतील तर माझं स्वरचितही नको." माझं स्वरचित नको यावर समितीत जरा जास्तच आनंद दिसला, पण गावडे यादीत आला.

मग काय सांगू त्या तालमींचं! आम्ही गॅरेजातच बसायचो. गिटार नव्हती, तिचं ट्यँव-ट्यँव पेटीवर वाजवायचं. ज्या पेटीवर मी आयुष्यभर यमन सोडून काही वाजवलं नव्हतं, तिच्यावर मी सुरकुतलेल्या फितीचे लोळणारे सूर काढत होते. बाबी ओरडायचा, "वयनी, स्वच्छ वाजवू नका! वायच वितळवा!" मी वितळवायला शिकले. हे सांगतात, त्या दिवसांत मी पोळ्याही ठाप-धुमवर लाटायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं. बाबीचा कोंबडा पहिल्यांदाच एसीत उभा होता, त्यामुळे अगदी ताठ. व्हिडिओवाला समोर. पहिल्या थापेलाच पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. आमचे अध्यक्ष, ज्यांनी आयुष्यात टाळीसुद्धा समेवरच दिली, ते पाय आपटत होते. आणि मी! काठापदराची साडी, नथ, आणि मान अशी हलतेय की नथ गालावर आपटतेय!

मग ती जागा आली. बाबी थांबला. मी पेटीवरून हात उचलले आणि मनात मोजायला लागले. मागे कोणी तरी टाळी वाजवली, कोणी 'श्श' केलं. चार, पाच. एरवी या वेळी त्याचे डोळे मिटलेले असत. आज उघडे होते. तो सरळ व्हिडिओच्या काचेत बघत होता. सात, आठ. हा माणूस तालमीत एक श्वाससुद्धा पदरचा घालू द्यायचा नाही. त्याने दांडा सोडला, दोन्ही हात पँटला पुसले आणि अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला,

"कायपण बोल गो."

लोक हसले. त्यांना तो गाण्यातला विनोद वाटला. बाबीने थाप मारली आणि गाणं सुटलं. मी पेटी एक मात्रा उशिरा धरली. व्हिडिओत ते स्वच्छ ऐकू येतं.