पोलीस पाटलाचे कान

सोपानआण्णाला ऐकू येत नाही, असं आमचं सगळं गाव धरून चालतं. मी नाही. त्याच्या नि माझ्या घरात एकच भिंत आहे. माळ्यावर उंदीर खुडबुडला की हा माणूस काठी घेऊन उठतो. आणि "आण्णा, बांध कुणी कोरला?" असं विचारलं की कानामागं हात धरतो. "आं? वाऱ्यानं नेलं बघा."

वयानं मोठा, म्हणून तोंडावर तुम्ही म्हणते. मनात नाही.

मी त्याची परीक्षा घेतलेली आहे. एकदा त्याच्या पाठीमागं रिकामी घागर फरशीवर सोडली. गडी हलला नाही. माझ्या घागरीला पोचा आला तेवढा. दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. मागनं जाऊन नुसतं पुटपुटले, "अगं बाई, विंचू." त्यानं वळून पाहिलं नाही, पण दोन्ही पाय हळूच बाकावर घेतले आणि म्हणाला, "गुडघं लई दुखत्यात."

पूर्वी त्याचे कान चांगले होते. आणीबाणीत तो गावचा पोलीस पाटील होता. कोण सरकारविरुद्ध काय बोलतं ते ठाण्यावर कळवायचं, असा त्याला हुकूम आला. त्याच आठवड्यात तो म्हैस काढायला भाटघर धरणाच्या पाण्यात उतरला आणि दुसऱ्या दिवशी कानांत बोळे घालून हिंडू लागला. पाणी गेलं म्हणे. फौजदार गावात आला तेव्हा मी पाण्याला निघाले होते. तो ओरडत होता, "पाटील, कोण काय बोलतंय गावात?" आणि हा म्हणतो, "भात बरं हाय, सायेब."

तेव्हा मला हसू आलं. पुढं आलं नाही. गिरणीत दळण टाकताना आमचे मालक सरकारला टाकून काहीतरी बोलले. आण्णा तिथंच पिठाचा डबा घेऊन उभा होता. थोड्याच दिवसांत जीप आली. मालक सुटून आले तेव्हा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. मरेपर्यंत त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. मी मनात रोज घेतलं.

मग सरकार बदललं. नवी माणसं गळ्यात हार घालून आली. "पाटील, चुगल्या कुणी केल्या ते आता सांगा. भ्यायचं काम न्हाई."

"भात बरं हाय," आण्णा म्हणाला.

जुन्यांनी त्याला ठेवला होता, नव्यांनीही ठेवला. वय होईपर्यंत पाटीलकी केली त्यानं. असला माणूस दोन्ही ताटांत जेवत नसेल, हे मला कधी पटलं नाही.

त्याची बायको हौसा. चारचौघांत ती त्याच्यावर अशी ओरडायची, "अवोऽ, आंघुळीचं पाणी काढलंय!" की भोरच्या एस.टी.तल्या परक्या माणसांनाही आण्णाची अंघोळ राहिल्याचं कळायचं. पण दिवेलागणीला दार लागलं, की भिंतीपलीकडं दोघांची कुजबुज सुरू. शब्द कळत नसत. मी भिंतीला कान लावून पाहिला. मातीचे पोपडे कानात गेले. माणसांची नावं घोळत असतील, दुसरं काय, असं मी धरून चालले.

यंदा उन्हाळ्यात हौसा गेली. माणसं भेटायला आली. दुःखाच्या घरी हळू बोलायची रीत. इथं जो तो त्याच्या कानाशी बोंबलत होता. "लई वाईट झालं, पाटील!" "माणूस जायाचंच!" एका सोयऱ्यानं "धीर धरा!" असं दणकून सांगितलं, तर शेजारचं तान्हं दचकून रडायला लागलं. मुलगा पुण्याहून आला तोही ओरडतच. म्हणजे पोटच्या पोरालाही पत्ता नव्हता. आण्णा सगळ्यांकडं बघून मान हलवत होता.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. आता विचारलं नाही तर हाही जाईल आणि मला कधीच कळणार नाही, म्हणून मी गेले. चुलीपुढं बोलावं तेवढ्याच आवाजात विचारलं, "आण्णा, आमच्या मालकांचं नाव तुमी दिलं का?"

हात कानाकडं निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. मग मांडीवर पडला.

"म्या न्हाई, वैनी."

"मग कुणी?"

"त्ये ठावं हाय मला. सांगायचा न्हाई."

"जिता हाय का त्यो?"

"न्हाई. पर त्याची नातवंडं तुमच्या नातवंडांसंगं शाळंत जात्यात."

खरं बोलला की स्वतःला झाकलं, देव जाणे. चोर पकडला तर तोही असंच बोलेल. मी तसं तोंडावर सांगितलं. त्यानं मान डोलावली. मी उठले.

"वैनी," तो म्हणाला, "जरा बसा की. कायतरी बोला."

"काय बोलू?"

"कायबी. हौसा गेल्यापास्नं समदी नुसती वरडत्यात वो."

मला त्याची दया आली असं नाही. संशय माझा होता तसाच आहे. पण बाहेर कुणाच्या तरी पायांचा आवाज आला, तेव्हा मी पुढं होऊन दार लोटून घेतलं. मग परत बसले, आणि सून माझ्याशी कशी वागते ते त्याला सांगायला लागले. हळू आवाजात.