बिबट्याचा दुसरा भाग

ग्रंथालयाचे शिपाई दादूकाका, त्यांचं तसं काही चुकलं नव्हतं. लांज्याच्या त्या कॉलेजात पावसाळ्याआधी पुस्तकांना जुन्या वर्तमानपत्रांची कव्हरं घालून ती घरच्या खळीने चिकटवायची रीत होती. दादूकाकांची खळ अशी, की पुस्तक फाटेल पण वर्षानुवर्षं कव्हर निघणार नाही.

यंदा प्राचार्य राजेंद्र सरांनी पुस्तकांच्या सूचीचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं. "दर्शनी बाजूचे फोटो पाठवायचे, की सूची तयार!" असं म्हणून जुन्या कार्डांची कपाटं त्यांनी भंगारात काढली. तपासणी समिती येणार होती. ग्रंथालय ओस दिसलं, तर तिथे व्यायामशाळा आणि ग्रंथपाल नम्रता मॅडम परीक्षा विभागात गठ्ठे बांधायला, हेही सरांनी हसतहसत सांगून ठेवलं होतं.

मॅडम प्रशिक्षणाला रत्नागिरीला गेल्या तेवढ्यात दादूकाकांनी फोटो काढून पाठवले. कंपनीत मराठी अक्षरं ओळखणारं यंत्र होतं, मराठी पुस्तक ओळखणारा माणूस नव्हता. सगळ्यात मोठ्या अक्षरांत दिसेल ते पुस्तकाचं नाव!

मॅडम परतल्या आणि संगणकासमोर बसून गार पडल्या. 'विहिरीत पडला बिबट्या'. 'काजू बागायतदार संतप्त'. 'सावर्ड्यात कबड्डीचा थरार'.

"दादूकाका, कव्हरासकट फोटो काढलेत?"

"मग काय सोलू पुस्तकांना? फाटला तर पुन्यांदा घालायचा कोनी? मीच ना!"

"अहो, बिबट्या म्हणून दाखवतंय त्यात वनस्पतिशास्त्र आहे!"

"जंगलच ना शेवटी," दादूकाका म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या कँटीनच्या कमलाबाईंनी पडद्यावर डोकावलं. "अगो बाय! ही तर आमच्या वाडीतली विहीर! बघू, बघू."

पुस्तक काढलं. बातमी अर्ध्यावर तुटलेली, खाली 'पान पाचवर'. मॅडमनी नाइलाजाने 'बिबट्या' शोधलं, तर पाचवं पान अर्थशास्त्राच्या अंगावर सापडलं. कमलाबाईंनी उभ्याउभ्या वाचून काढलं, आणि संध्याकाळपर्यंत वाडीला कळलं की कॉलेजात आपला बिबट्या आहे.

वाचनकक्ष गावाला पहिल्यापासून खुला होता, गावानेच कधी पायरी चढली नव्हती. आता बाकं पुरेनात. कुणाला मुलाचा दहावीचा निकाल हवा, कुणाला मेव्हण्याची कबड्डी. येसूबाईंना सासऱ्यांच्या निधनाची बातमी भूमितीवर मिळाली. त्यांनी भूमितीला हात जोडले.

समिती आली ती या गर्दीत. राजेंद्र सर गर्दीतून वाट काढत पुढे झाले. अध्यक्षांनी भिवा नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, काय वाचताय?"

"बिबट्या. पयला भाग झाला, दुसरा येसूबाय घेऊन बसल्येय."

"वा! दोन खंडांत?" अध्यक्ष चकित झाले. मॅडमना आता धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. अध्यक्ष संगणकाकडे वळले. ते मूळचे मंडणगडचे. सहज म्हणून त्यांनी गावाचं नाव टाकलं आणि 'मंडणगडच्या शाळेचे स्नेहसंमेलन रंगले' हाती आलं. खाली फोटोत मिशा काढलेला मावळा.

"हा मीच, शाळेतला!" ते ओरडले. "पुढची बातमी कुठाय?"

"रसायनशास्त्रावर, सर," मॅडम पुटपुटल्या.

त्यांचा चहा गार झाला, समितीची पुढची वेळ टळली. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'ग्रंथालय गजबजलेले. समितीने पुन्हा भेट देणे आवश्यक.' व्यायामशाळेचं नाव सरांनी परत काढलं नाही; उलट कंपनी आपणच निवडली, असं ते सांगत सुटले.

मॅडमनी मग एकेक पुस्तक उघडून खरी नावं सूचीत घातली. बातम्याही शेजारी राहू दिल्या. गर्दी ओसरेल हे त्यांनी धरलंच होतं. बातम्या त्या किती पुरणार!

एका दुपारी भिवा वनस्पतिशास्त्राचं पुस्तक घेऊन समोर आला.

"का हो, बिबट्या अजून संपला नाही?"

"बिबट्या कवाच संपला. पाऊस होता म्हनून बसलो, तर आत डोकावलो." तो जरा लाजला. "मॅडम, झाडा रातची पन श्वास घेतात, ता खरा काय?"

"खरं आहे."

"मग ह्येच्या फुडचा द्या कायतरी. कव्हर कसला पन चालेल."