इंदुमती साळूची चार वाजताची गोळी

एका जंगलात टॉवर आला होता, रेंज मात्र अजून वाटेतच होती. ती हवी असेल तर थेट पश्चिमेच्या कड्यावर जाऊन फोन डोक्यावर धरावा लागे. त्या जंगलातली ही गोष्ट. मागच्या रांगेतल्यांनी खुसखुसणं बंद करा बघू. हसण्यासारखं काही आलं की मी सांगेन.

तर त्या जंगलात इंदुमती नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे जिच्या अंगावर लांब लांब काटे असतात ती. घरात नवरा दिगंबर आणि दोन पिल्लं. शिवाय पाणवठा समितीवर ती लहान जनावरांची प्रतिनिधी होती. सशांचं, खारींचं, मुंगसांचं जे काही गाऱ्हाणं असेल ते तिने मोठ्यांच्या कानावर घालायचं.

महिन्यातले बावीस दिवस इंदुमती अगदी गुणाची होती. पिल्लांना कंद उकरायला शिकवायची, शेजारणीची कामंसुद्धा अंगावर घ्यायची. उरलेले आठ दिवस अमावास्येच्या आधीचे. अमावास्येला तिची पाळी यायची. पाळी म्हणजे काय ते घरी विचारा. नाही सांगितलं तर पुन्हा विचारा.

त्या आठ दिवसांत तिचे काटे उभे राहायचे ते खाली बसायचेच नाहीत. झोप उडायची. दिगंबरने नुसतं "जेवलीस का?" विचारलं तरी ती त्याच्यावर ओरडायची आणि मग तासभर रडत बसायची. पिल्लं कुशीत आली की तिला वाटायचं, ह्यांना माझ्यापेक्षा बरी आई मिळायला हवी होती. आणि मग पाळी आली की एक-दोन दिवसांत सगळं थांबायचं. पुढचे बावीस दिवस ती घरोघर जाऊन माफी मागायची.

जंगलाचे राजवैद्य होते घोरपडेकाका. इंदुमती लग्नाआधी त्यांच्याकडे गेली तेव्हा ते म्हणाले, "लग्न झालं की थांबेल." लग्न झालं. मग म्हणाले, "पोर झालं की थांबेल." एक सोडून दोन झाली. मग म्हणाले, "आता काय, वय झालं की थांबेल." हे मात्र शास्त्राला धरून होतं. काकांचा इलाज अचूकच होता, फक्त त्याला उभा जन्म लागत होता. शेजारणी म्हणायच्या, "आम्हाला नाही का होत? आम्ही मेलं काही बोलतो का?"

आता समितीचं ऐका. अध्यक्ष होते गवेआबा. चांगला हजार किलोंचा गवा. आबा वाईट नव्हते हो. सगळ्यांशी हसून बोलायचे आणि कळपाला घेऊन दिवसभर पाणवठ्याच्या वरच्या काठाला, जिथे झरा येतो तिथे, लोळायचे. तो चिखल वाहत खाली यायचा. खाली लहान जनावरं पाणी प्यायची. त्यांच्या पोरांची पोटं बिघडायची. आबांनी ठराव आणला होता की वरचा काठ मोठ्या जनावरांना लोळण्यासाठी कायमचा राखून ठेवावा. ठराव तीन सभांत मंजूर झाला की कायम व्हायचा.

सभेची तारीख आबा कशी ठरवायचे? इंदुमतीचे काटे उभे दिसले की दुसऱ्याच दिवशी सभा.

पहिल्या सभेत ती उठली ती थरथरतच. "वर तुम्ही लोळता आणि खाली आमची पोरं तुमचा चिखल पितात! माझं धाकटं आठ दिवस जुलाबाने पडून आहे! लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?" एवढं बोलून तिला रडूच कोसळलं.

आबा मायेने म्हणाले, "बसा, बाई, बसा. काय हो चिटणीस, अमावास्या कधी आहे?"

सभा हसली. चिटणीस होतं एक उदमांजर. त्याने इतिवृत्तात लिहिलं, 'बाईंची प्रकृती ठीक नसल्याने त्यांचे म्हणणे नोंदवलेले नाही. ठराव मंजूर.'

इंदुमती घरी गेलीच नाही. ती सरळ कड्यावर गेली आणि पाय खाली सोडून बसली. इथे गंमत काही नाही, म्हणून हसू नका. तिला वाटलं, आपण नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल. असं तिला दर महिन्याला वाटायचं, पण येऊन बसली होती ती पहिल्यांदाच. तिला भीती वाटली ती पुढच्या महिन्याची. पुढच्या महिन्यात आपण नुसतं बसून राहणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. कड्यावर रेंज होती ना! साठलेले सगळे निरोप एकदम आले आणि शेवटी एक जाहिरात. 'घरबसल्या दवाखाना. आता उपचारांसाठी बाहेर पडायची गरज नाही.' घरापासून दीड कोसावर बसलेल्या इंदुमतीने ती वाचली आणि बटण दाबलं.

आधी पडद्यावर पोपट आला. "नमस्कार! मी आपला मदतनीस. आपला त्रास निवडा. खरूज, गोचीड, इतर."

इंदुमतीने 'इतर' निवडलं.

"इतर निवडल्याबद्दल धन्यवाद. आपल्याला जगणं नकोसं वाटतं का?"

"हो."

"हे ऐकून आम्हाला आनंद झाला. कृपया थांबा."

ती थांबली. मग डॉक्टर करकोचेबाई आल्या. तीन डोंगरांपलीकडच्या तळ्यात एका पायावर उभ्या राहून त्या रुग्ण तपासायच्या. चित्र चोच उघडी असतानाच अडकलं, आवाज मात्र येत होता.

"आत्ता कुठे बसला आहात?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"कड्यावर."

"मागे सरका. आणखी. झाडाला पाठ टेकली? आता कुणाला तरी हाक मारा. मी फोन ठेवत नाही."

झाडावरची खार दिगंबरला आणायला पळाली. तो धापा टाकत येईपर्यंत डॉक्टरबाई बोलतच होत्या. हे कधी सुरू होतं, पाळी आली की थांबतं का, झोप लागते का, पूर्वी कधी कड्यावर आला होतात का. घोरपडेकाकांनी इतक्या वर्षांत ह्यातलं एकही विचारलं नव्हतं.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हा आजार आहे. पाळीआधी शरीरात बदल होतात ते सगळ्यांच्याच. तुमच्या मेंदूला ते सोसत नाहीत. ह्यावर औषध आहे."

"म्हणजे माझा स्वभाव नाही हा?" इंदुमतीने विचारलं.

"नाही."

तिने तेच आणखी दोनदा विचारलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. मग त्यांनी सांगितलं, की दोन महिने रोज वहीत गुण मांडायचे. काहीच त्रास नसेल तर एक, सोसवत नसेल तर सहा. त्यावरून आजाराची खात्री होते. तोवर त्या आठ दिवसांत तिने क्षणभरही एकटं राहायचं नाही, आणि जीव घाबरला तर शेजारणीला सोबत बसवून नवऱ्याला कड्यावर पाठवायचं आणि लगेच फोन करवायचा.

दिगंबरने हे मनावर घेतलं. सावलीसारखा मागे राहायचा. वहीत गुणही तोच मांडायचा. पहिला महिना भरला तेव्हा त्याच्या मनात आलं, हे सगळ्यांना कळलं तर सगळे जरा सांभाळून घेतील. त्याने वहीतला गुणांचा तक्ता सागाच्या मोठ्या पानावर उतरवला आणि पाणवठ्यावरच्या जांभळीला अडकवला. खाली लिहिलं, 'कृपया सहकार्य करावे.'

भोळा बिचारा! आबांनी लगेच सहकार्य केलं. आता काटे बघत बसायला नको. जिथे सहा गुण होते, अमावास्येच्या आधीचा तो तिसरा दिवस त्यांनी दुसऱ्या सभेसाठी धरला. इंदुमती उठली, दोन वाक्यं बोलली, तिसऱ्याला हुंदका आला. 'बाईंची प्रकृती ठीक नसल्याने,' चिटणीसांनी लिहिलं. तक्त्यामुळे समितीचं काम फार सोपं झालं, असं आबांनी दिगंबरला मुद्दाम बोलावून सांगितलं. दिगंबरने घरी येऊन बायकोची माफी मागितली. तिने त्याला त्या दिवशी माफ केलं नाही, आणि बरोबरच केलं.

दोन महिन्यांची वही पाहून डॉक्टरबाईंनी औषध लिहून दिलं. पौर्णिमेपासून पाळी येईपर्यंत रोज दुपारी चार वाजता एक गोळी. औषध कुरिअरने निघालं, आधी शेजारच्या जंगलातल्या कुठल्या तरी इंदुमती हरणीकडे गेलं आणि मग हिच्याकडे आलं, तोवर गोळीची वेळ सगळ्या जंगलाला पाठ झाली होती. पहिले काही दिवस नुसती मळमळ झाली. मग ते आठ दिवस सुरू झाले. इंदुमती अंग चोरून वाट बघत बसली, आता येईल, मग येईल.

दिगंबरने भीत भीत विचारलं, "जेवलीस का गं?"

"नाही अजून. तुम्ही?"

दिगंबर बाहेर गेला आणि वारुळाच्या आड जाऊन रडला. त्याचे गुण कुणी मांडले नाहीत.

आणि मग तिसरी सभा आली. तक्त्याप्रमाणे सहा गुणांचाच दिवस. सगळे आधी इंदुमतीच्या पाठीकडे बघायला लागले. काटे खाली होते.

ती शांतपणे उठली. "वर लोळलं की खालचं पाणी गढूळ होतं. ह्या महिन्यात सोळा पिल्लांना जुलाब झाले. त्यांची नावं मी आणली आहेत." तिने सोळा नावं वाचली आणि ती खाली बसली.

चिटणीस आबांच्या कानाशी लागले, "प्रकृती ठीक नाही असंच लिहू ना?"

"माझी प्रकृती ठीक आहे," इंदुमती म्हणाली.

आबा गोंधळले. "बाई, औषध चालू आहे ना?"

"आहे की."

"मग ते पाण्याचं अजून डोक्यातून गेलं कसं नाही?"

"मी म्हटलंच होतं," घोरपडेकाका म्हणाले. "फोनवरच्या औषधात दम नसतो."

आबांना वाटलं, आजची गोळी राहिली आहे, तिथेच सगळं अडलंय. त्यांनी सूर्याकडे बघितलं. "चार वाजले की! आजची गोळी घ्यायची असेल ना तुमची? घ्या, घ्या. आधी गोळी घ्या, मग पाण्याचं बोलू." सभा पोट धरून हसली.

इंदुमतीने गोळी काढली. "घेते. पाणी द्या."

आबांनी खूण केली. चिटणीस पळसाच्या पानाचा द्रोण घेऊन जवळच्याच काठाला, म्हणजे खालच्या काठाला गेले आणि भरून घेऊन आले. इंदुमतीने आत बघितलं आणि द्रोण आबांपुढे ठेवला. "आबा, ह्याच्याबरोबर घेऊ का? तुम्ही म्हणाल तसं."

आबांनी खालचं पाणी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. ते वरच प्यायचे ना. पाण्याचा रंग त्यांच्या पाठीसारखाच होता आणि त्यात एक गोचीड तरंगत होती. ती कुणाच्या अंगावरची ते सगळ्यांना कळलं.

"जरा निवळू द्या," आबा म्हणाले.

सगळी सभा द्रोणाभोवती बसून राहिली. पाणी निवळेना. चिटणीसांनी सशांच्या घरून आणलं, खारींच्या ढोलीतून आणलं. द्रोण सात झाले, रंग एकच.

"कोरडीच गिळा की," आबा म्हणाले.

"डॉक्टरांनी पाण्याबरोबर सांगितली आहे."

"मग उद्या घ्या."

"चुकवायची नाही, असंही सांगितलंय. मी बसते, आबा. मला आज काही घाई नाही." आणि खरंच ती बसली. ह्याच दिवशी मागच्या महिन्यात तिला तीन वाक्यं धड बोलता आली नव्हती. तिचं तिलाच इतकं बरं वाटत होतं की तिने बाजूच्या सशिणीच्या पोराला मांडीवर घेतलं.

सूर्य कलला. सभा काही संपेना. शेवटी आबा स्वतः उठले, झऱ्यापाशी गेले आणि कळपावर खेकसले, "उठा रे सगळे! बाईंना गोळी घ्यायची आहे!"

सतरा गवे कुरकुरत बाहेर आले. थोड्या वेळाने झरा निवळला. इंदुमतीने ओंजळभर पाणी घेऊन गोळी घेतली. तिच्यामागून सोळा पिल्लंही प्यायली. वरचा काठ आता रोज चारला बाईंच्या गोळीसाठी लागणार, म्हणून ठराव बारगळला. चिटणीसांनी इतिवृत्तात लिहिलं, 'वैद्यकीय कारणास्तव वरचा काठ रिकामा करण्यात आला.' पिल्लांचा उल्लेख राहून गेला.

तेव्हापासून त्या जंगलात पौर्णिमा ते अमावास्या पाणी स्वच्छ असतं. उरलेल्या पंधरवड्यात बाईंची गोळी नसते, म्हणून गवे पुन्हा लोळतात.

इंदुमती अजूनही कड्यावर जाते, पण फक्त रेंजसाठी. परवा तिने डॉक्टरबाईंना विचारलं, "ही गोळी महिनाभर घेता येते का हो?"

"घेता येते. पण तुम्हाला तर आता बरं आहे. गरज आहे का?"

"मला नाही, पाणवठ्याला आहे."

डॉक्टरबाईंनी चोच उघडली ती तशीच राहिली. इंदुमतीला वाटलं, चित्र अडकलं. मग त्यांनी उरलेल्या पंधरा दिवसांसाठी जीवनसत्त्वाची एक गोळी लिहून दिली. चार वाजता, स्वच्छ पाण्याबरोबर.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण नुसत्या खरं बोलण्याने पाणी स्वच्छ होत नाही, म्हणून बोलायला जाताना डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवावी.